पेंग्विन काढून घेतला तर खेळ मोडतो का?

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे. गेले दोन महिने तिला पेंग्विनशिवाय दुसरं काही सुचत नाही. ही आवड अभ्यासाकडे वळवावी म्हणून मी पेंग्विनच्या चित्रांची ४० पानी वर्कशीट छापून घेतली : पेंग्विन मोजा, ठिपके जोडा, अक्षर गिरवा. सहा पानं झाली आणि तिने खडू टाकून दिला. कापसाचा पेंग्विन करायला बसलो, तो शेवटी मीच पुरा केला. लोण्याचा थर हाताला लावून गार पाण्यात हात घालण्याचा प्रयोग केला, तर लोणी लागताच ती रडायला लागली आणि पुढचा वेळ ओटा पुसण्यात गेला. मला संध्याकाळी जेमतेम अर्धा तास मिळतो. तिच्या बरोबरीची मुलं शंभरपर्यंत अंक म्हणतात, ही विसाच्या आसपास अडखळते. घरचे म्हणतात, हे पेंग्विनचं खूळ बंद कर आणि सरळ अक्षरं-अंक घे. तसंच करू का?

उत्तर : खूळ बंद करू नका. वर्कशीट मात्र तूर्त कपाटात ठेवा.

त्या सहा पानांकडे एकदा नीट बघा. ‘पाच पेंग्विन मोजा’ या पानावर पेंग्विनऐवजी पाच बूट काढले असते, तर काही बिघडलं असतं का? काहीच नाही. पेंग्विन तिथे फक्त शोभेला आहे. पेंग्विनचे पाय गारठत कसे नाहीत, पक्षी असून तो उडत का नाही, अंडं बाबाच्या पायांवर का असतं, हे तुमच्या मुलीला हवं आहे. त्यातलं एकही पान यापैकी काही विचारत नाही, म्हणून तिने खडू टाकला. तिचा कंटाळा रास्त आहे. यापुढे कुठलाही खेळ निवडताना स्वतःला एकच विचारा : यातून पेंग्विन काढून घेतला तर खेळ मोडतो का? मोडत असेल तर तो खेळ घ्या.

शंभरपर्यंतच्या अंकांचंही असंच. अंक ओळीने म्हणणं हे बरंचसं पाठांतर असतं, गाण्यासारखं. चार वर्षांच्या मुलाची मोजणी बघायची असेल तर पुढ्यात दहा चमचे ठेवा आणि म्हणा, “मला पाच दे.” जे मूल पाच देऊन थांबतं, त्याला पाच म्हणजे किती हे कळलेलं असतं. शंभरपर्यंत म्हणणारी काही मुलं इथे सगळेच्या सगळे चमचे उचलून देतात. तुमची मुलगी विसाला अडखळते याची काळजी तूर्त बाजूला ठेवा आणि हे चमचे आधी करून बघा.

आता खेळांकडे येते. सुरुवात अंड्याच्या खेळापासून करा, कारण त्याला तयारी लागत नाही आणि तिला तो लगेच आवडण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे.

एम्परर जातीच्या पेंग्विनची मादी एकच अंडं घालते, ते नराकडे सोपवते आणि समुद्रावर खायला जाते. नर ते अंडं पायांवर घेऊन, वरून पोटाच्या कातडीची घडी पांघरून, अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात सुमारे ६५ दिवस उभा राहतो. त्या काळात तो काहीही खात नाही. घरी हे करायला मोठ्या माणसाचे दोन मोजे एकमेकांत गुंडाळून ८ सेंटिमीटरचा गोळा करा. चेंडू घेऊ नका, तो पायावर टिकतच नाही आणि मूल दुसऱ्याच मिनिटाला चिडतं. मुलीला अनवाणी उभं करा, टाचा जुळवून, बोटं जरा वर उचलून. गोळा दोन्ही पावलांच्या मधल्या खाचेत ठेवा. कमरेभोवती छोटा टॉवेल बांधा, म्हणजे पोटाची घडी झाली. टॉवेल घोट्याच्या वरच संपला पाहिजे, नाहीतर पाय अडकून ती पडेल. जमिनीवर दोन मीटरची रेघ आखा आणि पाय न उचलता, घासत घासत तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला सांगा. अंडं बहुतेक वेळा पडतं ते पाऊल उचलल्यामुळे. “उचलू नकोस” असं ओरडण्यापेक्षा तुम्हीच शेजारी उभ्या राहून दुसरा गोळा घेऊन चालून दाखवा.

खरी गंमत अंडं हवाली करण्यात आहे. तुम्ही आणि ती समोरासमोर, पायाच्या बोटांना बोटं लावून उभ्या राहा. हात न लावता अंडं तिच्या पायांवरून तुमच्या पायांवर आलं पाहिजे. ते जमिनीला टेकलं की दोघींनी मिळून मोठ्याने दहापर्यंत मोजायचं. दहाच्या आत पुन्हा पायावर आलं तर पिल्लू वाचलं. खऱ्या पेंग्विनचं अंडं या अदलाबदलीत बर्फावर फार वेळ राहिलं तर गोठतं, म्हणून ही मोजणी उगीच नाही. इथे अंकांना काम आहे, आणि काम असलं की मुलं सहसा अंक गाळत नाहीत. थोड्या दिवसांनी दहापासून उलटं मोजा. “पिल्लू मेलं का?” असं ती विचारेल. खरं सांगा : कधीकधी मरतं. आणि पुन्हा खेळायला घ्या.

मोजणीसाठी दगडांचा खेळ याहून चांगला आहे. अडेली जातीचे पेंग्विन उघड्या जमिनीवर लहान दगड रचून घरटं करतात. बर्फ वितळलं की पाणी खालून वाहतं, आणि दगडांच्या ढिगावरचं अंडं कोरडं राहतं. चांगले दगड कमी असतात, म्हणून शेजाऱ्याच्या घरट्यातले पळवतात. चार-पाच सेंटिमीटरचे २० दगड धुऊन वाळवून घ्या. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर दगड त्याहून मोठेच हवेत आणि खेळ संपताच वर ठेवायला हवेत. दोरीची दोन वर्तुळं मांडली की दोन घरटी झाली. ठिपक्यांचा फासा घ्या, पण चार-पाच-सहाच्या बाजूंवर कागद चिकटवून तिथे पुन्हा एक-दोन-तीन ठिपके काढा. सुरुवातीला सहाचं दान पडलं की लहान मुलांची मोजणी घसरते आणि तिथूनच रुसवा सुरू होतो. जितकं दान, तितके दगड घरट्यात.

एक चूक इथे हमखास दिसते. तोंड पुढे धावतं आणि बोट मागे राहतं, तीन दगडांना हात लागेपर्यंत “पाच” म्हणून झालेलं असतं. असं झालं की थांबवू नका आणि दुरुस्तही करू नका. दगड हाताने उचलून घरट्यात टाकायला लावा, टाकला की आकडा म्हणायचा. दगड जड असतो, तो उचलायला वेळ लागतो, तेवढ्यात तोंड आपोआप बोटाच्या चालीवर येतं. छापील पानावरचे पेंग्विन उचलता येत नाहीत. पानावर मोजणी घसरते त्याचं एक कारण हेही आहे.

मोजून झालं की लगेच विचारा, “मग तुझ्या घरट्यात किती?” ती पुन्हा एकपासून मोजायला लागली, तर शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच एकूण संख्या हे तिला अजून पक्कं झालेलं नाही. काही हरकत नाही, या वयात होतं. रोज दोनदा हा प्रश्न आला की पंधरा-वीस दिवसांत फरक दिसू शकतो. त्यानंतर चोरी आणा. घरट्यात पाचच दगड ठेवा, तिने डोळे मिटायचे, तुमचा पेंग्विन दोन पळवणार. “किती गेले?” पाचाच्या आतली वजाबाकी इथे नाव न घेता होते. पाचाच्या पुढे घाईने जाऊ नका. सातातून तीन हे डोळ्यांना एका नजरेत दिसत नाही आणि मूल अंदाजाने बोलायला लागतं.

आता लोण्याच्या प्रयोगाचं. त्यात लोणी म्हणजे पेंग्विनच्या कातडीखालची चरबी. तो फसला कारण लोणी थेट हाताला लागलं. चिकट स्पर्श नको वाटणारी मुलं पुष्कळ असतात, तो हट्ट नसतो. त्यांच्यावर जबरदस्ती केली तर ती पुढचे दहा खेळही नाकारतात. लोणी हाताला न लावताही प्रयोग होतो. झिपच्या दोन सारख्या प्लॅस्टिक पिशव्या घ्या, साधारण १५ बाय २० सेंटिमीटरच्या. एका पिशवीत १५० ते २०० ग्रॅम घट्ट लोणी भरा. दुसरी पिशवी उलटी करून तिच्यात घाला, म्हणजे दोघींच्या झिपा एकमेकींत बसतात आणि लोणी मध्ये कोंडलं जातं. झिप बसली नाही तर कडेने चिकटपट्टी लावा. बाहेरून दाबत थर सगळीकडे निदान एक सेंटिमीटर होईल असा पसरवा. बोटांच्या टोकांशी तो पातळ राहतो आणि तिथेच गार लागतं, म्हणून तळाशी जास्त लोणी ठेवा. अशाच दोन पिशव्यांची आणखी एक जोडी लोण्याशिवाय करा, मधली हवा दाबून काढून टाका. ही दुसरी जोडी बरेच जण करत नाहीत. मग गार लागलं नाही ते लोण्यामुळे की प्लॅस्टिकमुळे, हे कळायला मार्गच उरत नाही.

मोठ्या भांड्यात एक लिटर पाणी आणि बर्फाचे पंधराएक खडे घालून पाच मिनिटं थांबा. एक हात लोण्याच्या पिशवीच्या आत, दुसरा रिकाम्या जोडीच्या आत, आणि दोन्ही हात एकदमच पाण्यात. पिशवीचं तोंड पाण्याच्या चार बोटं वर राहू द्या. वीसपर्यंत मोजा आणि हात बाहेर. त्याहून जास्त वेळ नको. “गार लागलं का?” असं विचारू नका, ती तुम्हाला आवडेल ते उत्तर देईल. “कुठला हात आधी काढावासा वाटला?” हे विचारा. हात नको म्हणाली तर तिने फक्त तुमचे हात बघावेत आणि मोजावं, तेही चालतं.

पण चरबीवरच थांबू नका. जमिनीवर असताना पेंग्विनला ऊब मिळते ती मुख्यतः दाट पिसांमध्ये अडकलेल्या हवेमुळे, आणि ते दाखवणारा प्रयोग त्याहून सोपा आहे, पसारा नाही, आणि या सगळ्यात तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. एकाच ट्रेमधले बर्फाचे दोन खडे घ्या, प्रत्येक छोट्या प्लॅस्टिक पिशवीत घालून तोंड बांधा. एक खडा जाड लोकरी मोज्यात गुंडाळा, दुसरा शेजारी ताटलीत उघडा ठेवा. आणि विचारा, “आधी कुठला वितळेल?”

जवळजवळ प्रत्येक मूल सांगतं : मोज्यातला. कारण मोजा गरम असतो. हे तिचं स्वतःचं, विचार करून काढलेलं उत्तर आहे आणि त्याला जपा. “नाही गं” म्हणू नका, मान हलवू नका. दर पंधरा मिनिटांनी उघडा खडा बघा आणि तिला कागदावर तो केवढा उरला ते काढू दे. मोजा मात्र उघडायचा नाही, हातातही धरायचा नाही, कारण हाताची ऊब आत जाते. उघड्या खड्याचं पाणी झालं की मोजा सोडा. आत बर्फ अजून असतो. त्या क्षणी काही समजावू नका, तिला बोलू द्या. मोजा गरम करत नाही, तो फक्त आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवतो, हे त्या दिवशी कळेलच असं नाही. ती “परत करूया” म्हणेल, आणि परत करण्यातच खरं शिकणं आहे. प्रयोग उलटतो तो दोन कारणांनी : खडे लहानमोठे असले तर, आणि पिशवी न घातल्यामुळे लोकर भिजली तर. ओली लोकर तितकी हवा धरून ठेवत नाही. दुसऱ्यांदा करताना मुद्दाम एक मोजा ओला करून पिळून बघा. पेंग्विन शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल चोचीने पिसांना का चोपडत राहतो, हे तिथे कळतं.

कापसाचा पेंग्विन पुन्हा करा, पण कापूस पिल्लाला वापरा, मोठ्या पेंग्विनला नको. एम्परर पिल्लाच्या अंगावर मऊ करडी लव असते. ती पाण्यात भिजते, म्हणून तिच्या जागी मोठी पिसं येईपर्यंत पिल्लू समुद्रात उतरत नाही. मोठा पेंग्विन जाड कागदावर काढून द्या, फक्त १० सेंटिमीटर उंचीचा, कारण मेणाचा खडू दाबून फिरवायला लागतो आणि या वयाचा हात लवकर थकतो. पांढऱ्या पोटावरही पांढरा खडू फिरवायचा, हे विसरतं आणि पाणी नेमकं तिथून शिरतं. पिल्लासाठी गोंद ब्रशने कागदावर लावा, कापसाला नाही. कापसाला लावला की तो बोटांनाच चिकटतो आणि मूल उठून जातं. शेजारी ओलं फडकं ठेवा. वाळलं की दोघांवर फुटभर अंतरावरून पाणी फवारा. एकावरून थेंब घरंगळतात, दुसरं लगदा होतं. तुम्ही सुबक केलेला पेंग्विन असा भिजवायला मन झालं नसतं. तिने केलेला वाकडातिकडा खुशाल भिजवता येतो.

उंचीचा खेळ पाच मिनिटांचा आहे. भिंतीवर कागदाच्या दोन पट्ट्या लावा : एक ११५ सेंटिमीटरची, एम्परर पेंग्विन, दुसरी ३३ सेंटिमीटरची, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा लिटल पेंग्विन. तिला मध्ये उभी करा. मग पट्ट्या सारख्या आकाराच्या ठोकळ्यांनी किंवा पुस्तकांनी मोजू द्या. मध्ये फटी ठेवल्या किंवा एकावर एक चढवले तर आकडा चुकतो, तो तिला स्वतःला सापडू दे.

पृथ्वीचा गोलही काढा. पांढरं अस्वल वर, उत्तरेला, पेंग्विन खाली, दक्षिणेला. चित्रात ते शेजारी दिसत असले तरी निसर्गात त्यांची भेट होत नाही. पेंग्विन म्हणजे बर्फच, हेही खरं नाही. त्यांच्या सुमारे १८ जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जाती बर्फापासून दूर राहतात. गॅलापागोस बेटांवरचा पेंग्विन विषुववृत्तावर राहतो, आफ्रिकन पेंग्विन उन्हापासून वाचायला बीळ करतो. टेबलावरून चादर सोडली की बीळ तयार, निळा-पांढरा देखावा उभारायची गरज नाही.

अक्षरांबद्दल एक सावधगिरी. ‘पेंग्विन’ हा शब्द पहिल्यांदा गिरवायला अतिशय वाईट आहे. त्यात मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर आणि वेलांटी असं सगळं एकाच ठिकाणी आलं आहे. ‘बर्फ’मध्ये रफार, ‘पिल्लू’मध्ये पुन्हा जोडाक्षर. ‘दगड’ घ्या : तीन साधी अक्षरं, एकही काना-मात्रा नाही, आणि दगड तर रोज तिच्या हातात आहेत. पाठोपाठ पाय, चोच, मासा. लिहायची घाई नको. ताटात कोरडी बारीक वाळू पसरून बोटाने ‘द’ काढला तरी पुष्कळ झालं. ‘पेंग्विन’ तिला ओळखू दे, चित्रासारखा, आणि लिहिण्याचं पुढच्या वर्षी बघू.

अर्धा तास कमी नाही. या वयात एका बैठकीला १२ ते १५ मिनिटं पुरतात. एका आठवड्याला एकच खेळ ठेवा आणि तोच रोज होऊ द्या. पुनरावृत्तीचा कंटाळा मोठ्यांना येतो, मुलांना क्वचित. तिने नियम बदलले, अंड्याच्या जागी भावली आणली, दगड बिळात नेले, तर तुम्ही तिच्या मागोमाग जा. ती उठून गेली तर आवरून ठेवा, परत बोलावू नका. बर्फाचे प्रयोग सुट्टीच्या दिवशी घ्या, कारण त्यात मध्ये थांबावं लागतं.

एकाच प्राण्याचं वेड चार वर्षांच्या मुलात नेहमी दिसतं आणि तेवढ्यावरून घाबरण्याचं कारण नाही. मात्र हाक मारल्यावर ती बघत नसेल, तिच्याशी दुतर्फी बोलणं होत नसेल, आधी येणारे शब्द गळत असतील किंवा पेंग्विन थांबवल्यावर ती खूप वेळ शांतच होत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते पेंग्विनमुळे होत नाही, पण बघून घेतलेलं बरं.

उरलेली ३४ पानं फेकू नका. त्यातले पेंग्विन कापायला द्या. बोथट टोकाची कात्री, आधी सरळ रेघेवर कापायचं, वळणं नंतर. कापलेल्या चित्रांचे ढीग तिला तिच्या मनाने लावू दे : पिल्लं इकडे, मोठे तिकडे, पोहणारे, उभे. “हे असे का लावलेस?” एवढंच विचारा. आणि त्या पानांवर कुठे पांढरं अस्वल पेंग्विनच्या शेजारी उभं असेल, तर ते तिलाच शोधायला सांगा.